काढून टाकलेल्या चार ओळी

ऑफिसात तिला सगळे बटणताई म्हणत. काम तसंच होतं. बटणं, तारखेचे रकाने, आकडे भरायचे चौकोन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर जे जे दाबायचं किंवा भरायचं असतं, ते ती एकदाच नीट घडवी आणि कंपनीच्या सामाईक संग्रहात ठेवी. मग शाळांसाठी काम करणारे, गोदामांसाठी काम करणारे, ज्याला हवं तो तिथून उचली. तिने एखादी वस्तू सुधारली, की ती सगळ्यांच्या पडद्यांवर आपोआप पोचे. तिच्या वडिलांनी शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, मुलगी बटणं करते. एकदा शेजारीण शर्ट घेऊन आली. बटणताईने त्याचं बटणही निमूट लावून दिलं.

स्वभाव भित्रा. गॅस बंद केला का ते पाहायला जिन्यातून दोनदा परत फिरणारी. मीटिंगमध्ये कुणी नाव घेतलं तरी कानशिलं तापायची. चुका मात्र फारशा होत नसत. घाबरट माणसाला तेवढा एक फायदा असतो.

वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि तिने आठवड्याची रजा काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या खाटेशी मोसंबी सोलत बसली होती. डॉक्टर नुकतेच तपासून गेले होते. सिस्टर चाकांच्या टेबलावर संगणक ठेवून खाटेखाटेशी थांबत होत्या आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलेली औषधं आत भरत होत्या.

वॉर्ड बायका-पुरुषांचा एकत्रच होता; त्या शेजारच्या आजींच्या खाटेशी आल्या. बटणताईची नजर पडद्यावर गेली. गोलसर कोपरे, निळी कड, उजवीकडे दोन इवलेसे बाण.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तो चौकोन माझा आहे."

"कुठला?"

"तो, आकड्याचा. इथपर्यंत आला हे मला माहीतच नव्हतं."

"वा. आणि मी लोकांना शर्टाची बटणं सांगत बसलो."

ती हसली. सिस्टरांनी चौकोनात सहा लिहिलं. आजींचं इन्सुलिन, सहा युनिट. 'जतन करा' हे बटण पानाच्या वरच्या टोकाला होतं. तिथे जायला त्यांनी माउसचं चाक फिरवलं. पान हललं नाही. "अडकतंय मेलं," म्हणत त्यांनी माउस जरा बाजूला सरकवला आणि पुन्हा चाक फिरवलं. या वेळी पान वर गेलं. त्यांनी बटण दाबलं आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

पान अडकलं नव्हतं. चाकाबरोबर आकडा फिरला होता. सहाचे अकरा झालेले बटणताईने पाहिले होते.

तिच्या हातातली मोसंबीची फोड तशीच राहिली.

दोन आठवड्यांपूर्वी तिने या चौकोनाची साफसफाई केली होती. आत चार ओळी होत्या, कुणा सोडून गेलेल्या माणसाने लिहिलेल्या. त्या कशासाठी हे कुठे नोंदलं नव्हतं. काढून पाहिल्या. सगळं ठीक चाललं. तिने नवी आवृत्ती संग्रहात टाकली आणि खाली लिहिलं, अनावश्यक ओळी काढल्या. त्या ओळी चाकाला आकड्यापासून लांब ठेवत होत्या, हे तिला आत्ता, या खाटेशी कळलं. तिने तेव्हा चाक फिरवून पाहिलंच नव्हतं.

ती व्हरांड्यात गेली. साहेबांना फोन लावला.

"नीट पाहिलंस का?" साहेब म्हणाले.

"पाहिलं."

"मग ओळी परत टाकू. दहा मिनिटांचं काम आहे. तू तिथे कुणाशी बोलू नकोस."

"सर, चौकोन दुरुस्त होईल. आधी भरलेले आकडे तसेच राहतील."

"ते आपण बघू."

"दोन आठवड्यांचे आकडे आहेत."

"हे बघ, रुग्णालय मोठं गिऱ्हाईक आहे. नाव तुझंच आहे त्या नोंदीवर. कशाला आ बैल मला मार?"

तिने फोन ठेवला. आपल्याला भास झाला असेल तर? मग हसं होईल, एवढंच. भास नसेल तर नोकरी जाईल. आणि गप्प बसलं तर? तिने तो विचार पुरा केला नाही.

वॉर्डाच्या दाराशी जेवणाची गाडी आली होती. जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं असतं. ती आत धावली. सिस्टर पडद्याकडे पाहत सिरिंज भरत होत्या.

"सिस्टर, थांबा जरा."

"तुमच्या वडिलांचं नंतर."

"माझ्या वडिलांचं नाही. आजींचं. कागदावर किती आहे ते बघाल?"

"ताई, नातेवाइकांनी डॉक्टरकी करू नये."

"डॉक्टरकी नाही हो. तो चौकोन मी केलाय. त्यात चूक आहे. माझी."

आवाज चिरका निघाला. सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. आजी म्हणाल्या, "मला टोचायचं राहिलं तर माझी काही तक्रार नाही."

सिस्टरांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग कागदांचा गठ्ठा काढला. एकेक उलटत आजींचा कागद शोधला.

कागदावर सहा. पडद्यावर अकरा. सिरिंजमध्ये अकरा.

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. इतकी जपून, की जणू ती फुटेल. त्यांच्या ओठांवर घाम आला होता.

"मी सहाच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो. मी पाहिलंय. तुम्ही सहाच लिहिलंत."

"हा चौकोन अजून कुठे कुठे आहे?"

"माहीत नाही," बटणताई म्हणाली. ते खरं होतं. संग्रहातून कोण काय उचलतं याची यादी कुणीच ठेवली नव्हती. तिनेही नाही.

मग सोळा खाटा झाल्या. सिस्टर कागद वाचत, ती पडद्यावरचा आकडा. नवव्या खाटेशी पुन्हा फरक निघाला, एका गोळीचा. वडिलांनी मोसंबीची साल मुठीत धरून ठेवली होती.

खिशात फोन वाजला. साहेब होते.

"ओळी टाकल्या परत. कुणाला बोलली नाहीस ना?"

"एका सिस्टरला सांगितलं."

साहेब तावातावाने बोलू लागले.

"आता बाकीच्यांना सांगायला चाललेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सिस्टरांनी वरच्या मजल्यांवर फोन करून ठेवला होता. लिफ्टची वाट पाहत उभं राहणं तिला जमेना. ती जिन्याने निघाली. अजून पाच मजले होते आणि प्रत्येक मजल्यावर जेवणाची गाडी निघालेली असणार. कठडा घट्ट धरून ती चढत राहिली. या वेळी ती मागे वळली नाही.