पाचवा हात

एसटीत चढण्याआधीसुद्धा दाजी चाकांचे नट चाचपून बघत. कसालच्या थांब्यावर ड्रायव्हर वैतागायचे, पण टायरचं दुकान चालवणाऱ्या या माणसाची ती खोड काही गेली नाही. पुढे एका रेसिंग संघाने त्यांना दक्षिणेतल्या ट्रॅकवर नोकरीला नेलं. मी त्याच भागातल्या आचऱ्याचा. वर्षभराने त्यांनीच माझ्यासाठी शब्द टाकला आणि मी संघात स्टॉपवॉच धरायला लागलो.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत प्रत्येक गाडीने दोनदा पिटमध्ये थांबून टायर बदलायचे, असा नियम. कधी थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्याकडे ते दाजी ठरवत. "सगळे धावतत तेव्हा थांबलो तर मेलो," ते म्हणत. "खंय अपघात झालो, सगळ्यांका हळू जावचा लागला, की आपण आत!" या हिशेबावर आम्ही बऱ्याच शर्यती मारल्या.

दुसरा नियम असा, की थांबलेल्या गाडीला चौघांनीच हात लावायचा. पाचवा हात लागला की शिक्षा. दाजी आणि मी रेषेमागे उभे असायचो.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. दाजींनी दुसरा थांबाही नेमका साधला. चाकं बदलली, गाडी सुटणार, तेवढ्यात ते ओरडले, "चाक सैल आसा!" इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. दाजी धावले आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडीसमोर उभे राहिले. चौघांपैकी ते चाक बसवणाऱ्याने घाईघाईने नट आवळला. गाडी गेली. शिक्षा झाली आणि हातातली शर्यतही गेली.

संध्याकाळी मालकाने सगळ्यांना बोलावलं. नट घट्टच होता, असं चाक बसवणारा म्हणाला.

"साहेब, चाक निघालं असतं. आतला माणूस मेला असता," दाजी म्हणाले.

तो आतला माणूस मान खाली घालून हातमोज्यांशी चाळा करत बसला होता.

"आणखी कुणी पाहिलं?" मालकाने माझ्याकडे बघत विचारलं.

मी पाहिलं होतं. नट तिरका बसला होता.

"माझं लक्ष घड्याळाकडे होतं," मी म्हणालो.

दाजींनी त्याच दिवशी सामान बांधलं. पुढच्या मोसमात त्यांची जागा मला मिळाली.

चार वर्षांनी धीर करून कसालला गेलो. दाजी ट्रकचा टायर उतरवत होते. मी बोलायला तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला.

"बोलूचा तेव्हा होता रे. आता चाय घे नि जा."

मी चहा घेतला आणि निघालो. गेल्या वर्षी दाजी वारले. त्यांच्या घरून मला कुणी कळवलं नाही.