चिमटा ज्याच्याजवळ, पाणी त्याचं

सौंसरच्या आमच्या क्लबात चार माणसं होती, चार बोटी होत्या, अन् पाण्यावर एका वेळी एकच बोट जायची. याला शर्यत म्हणायचं काय, असं विचारून लोकं हसून घेत. हसू द्या. काठावर उभं राहून रेडिओवर चालवायची हातभर लांब शिडाची बोट आमच्या अख्ख्या तहसिलीत दुसऱ्या कोणाजवळ नव्हती, अन् माझ्याइतकी चांगली तं क्लबातही कोणाजवळ नव्हती.

एकेक बोट सोडायचं कारण असं. क्लबातले एक जण संत्र्याचे व्यापारी, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. त्यांचा मेहुणा आखातात कामाला होता. ऐंशी सालानंतर दोनतीन वर्षांनी त्यानं बोटी चालवायचे चार रेडिओ संच आणून दिले. भल्या माणसानं एकाच दुकानातून, एकाच जातीचे चारही उचलले. चारही संचांची लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, एकच. दोन संच सोबत सुरू झाले की बोटीला दोन मालक होत, अन् ती कोणाचंच ऐकत नसे. दोन घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत.

त्यावर उपाय मी काढला. मी वीज खात्यात लाईनमन. खांबावर चढताना खालचा स्विच कोणाच्या ताब्यात आहे, हे ज्याला माहीत नसते तो माणूस दुसऱ्यांदा चढत नाही. म्हणून कपडे वाळत घालायचा एक चिमटा घेतला, त्याला लाल रंग दिला. ज्याच्या अंगावर चिमटा, त्यानंच संच सुरू करायचा. चिमटा नसताना कोणाचा संच सुरू सापडला तर तो त्या दिवशी बाद. एकदा शेठनं सहज म्हणून बटन दाबून पाहिलं, तर मी त्यांना असा काही बोललो की ते पंधरा दिवस तलावावर फिरकले नाहीत.

त्या हिवाळ्यात नागपूरच्या हौशी मंडळींचं पत्र आलं. त्यांच्या शर्यतीत आमची एक बोट घ्यायला ते तयार होते. तिथं प्रत्येकाची लहर वेगळी, सगळ्या बोटी एकाच वेळी सुटायच्या. आम्हा चौघांपैकी कोणीच असं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या शर्यतीत ज्याची वेळ सगळ्यात कमी, तो नागपूरला जाणार असं ठरलं. मला जायचं होतं. लपवून काय करता, दुसरं काही सुचतच नव्हतं.

खरी टक्कर होती ती बाईंची. बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. वडील मोहगावला दुसऱ्याच्या बागेत राबले, अन् या शिकून मास्तरीण झाल्या. माझी बोट सावरीच्या हलक्या लाकडाची, तळाला जुन्या बॅटरीतलं शिसं. त्यांची रद्दी कागद अन् डिंकाची, वरून वॉर्निश. मी एकदा म्हटलं, "बाई, ही बोट आहे का परीक्षेचे पेपर?"

"नापास झालेलेच पेपर आहेत, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यायले बुडायची भीती नाही वाटत."

शर्यतीच्या रविवारी सकाळी मोहगावच्या वाटेवरच्या तलावात आम्ही दोन बंद डबे दगड बांधून सोडले. दोन्ही डब्यांना वळसा घालून परत यायचं. चिठ्ठ्या टाकल्या. आधी शेठ, मग पोस्टातले काका, मग मी, शेवटी बाई. शेठची बोट लव्हाळ्यात अडकून सहा मिनिटांवर गेली. काकांना साडेपाच लागली. माझ्या वेळेला वारं असं छान होतं की चार मिनिटं पन्नास सेकंदांत बोट परत. घड्याळ काकांच्या हातात होतं. "हे तं होऊन गेलं," ते म्हणाले, अन् मीही तसंच धरून चाललो. चिमटा काढून बाईंच्या हातात दिला, संच पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली, अन् तलावाच्या पाळीवरून चालत पार दुसऱ्या डब्याजवळ जाऊन उभा राहिलो. बाईंना हरताना जवळून पाहावं म्हणून.

बाईंची बोट सुटली. पहिल्या डब्याला काकांनी वेळ सांगितली, तं ती माझ्यापेक्षा सात सेकंद पुढं. माझं तोंड उतरलं. बोट दुसऱ्या डब्याकडं, म्हणजे माझ्याकडं, येऊन राहिली होती. अन् जसजशी जवळ आली तसतशी ती बिघडली. शीड सुटे, आवळे, परत सुटे. माशी चावलेल्या गोऱ्ह्यासारखी ती जागच्या जागी फिरली अन् माझ्या पायाजवळच्या दगडावर येऊन आदळली. मी तिकडून ओरडून ओरडून सल्ला देत होतो, "ढील द्या बाई, ढील द्या." मग तीच बोट उचलून मी त्यांच्याजवळ नेऊन दिली. पिशवी खांद्यालाच होती.

जिंकलात म्हणून शेठनं माझा हात हातात घेतला. बाई जमिनीवर बसून बोटीचं झाकण उघडून आतले सोल्डरचे जोड एकेक हलवून पाहत होत्या.

मी दगडावर बसलो. सेल उतरू नयेत म्हणून शर्यत झाली की आम्ही संचातून ते काढून ठेवायचो. त्यासाठी पिशवीत हात घातला. संचावरचा काटा हिरव्यात उभा होता. चिमटा दिला, पण स्विच बंद करायचा राहूनच गेला होता.

अन् खोटं कशाला सांगू, मी पिशवीतल्या पिशवीत स्विच बंद केला. कोणी पाहिलं नाही. काका वहीत लिहून राहिले होते.

"माझंच काम कच्चं," बाई काकांना सांगत होत्या. "दोन वर्षं झाली, एक जोड धड जमत नाही मला. नाही होत हे आता. मी आपली पोरीयले शिकवते तेच बरं."

मला असा राग आला म्हणता. त्यांचा, माझा, त्या हिरव्या काट्याचा.

"ठेवा ते झाकण," मी म्हटलं. "तुमच्या जोडाले काही झालं नाही. माझा संच सुरू होता."

शेठनं अगदी गोड आवाजात विचारलं, "चिमटा कोणाजवळ होता?"

"बाईंजवळ."

"मग?"

"मग मी बाद. नियम माझा आहे, मले शिकवू नका."

बाई उठल्या. "भाऊ, तुमची बोट गेली तवा चिमटा तुमच्याजवळच होता. ती वेळ राहू द्या. मी फक्त परत एकदा सोडते."

मोह झाला. पण मी म्हटलं, "बाई, वर माणूस असताना ज्यानं खालचा स्विच सुरू ठेवला, त्याचं सकाळचं काम कोणी मोजते काय?" अन् आठही सेल काढून त्यांच्या ओंजळीत टाकले.

तोवर वारं पडलं होतं. बाईंना पाच मिनिटं दहा सेकंद लागले. माझ्यापेक्षा वीस सेकंद जास्त, पण शेठ अन् काकांपेक्षा कमी. वहीत त्यांच्या वेळेखाली काकांनी रेघ ओढली. माझी वेळ खोडून तिथं नुसतं 'चिमटा' लिहिलं.

पुढच्या रविवारी मी बसस्टँडवर गेलो. बाईंचं खोकं खिडकीजवळच्या सीटवर नीट ठेवून दिलं अन् वरून आठ नवे सेल दिले, जास्तीचे असू द्या म्हणून. नागपूरची बस निघून गेल्यावरही मी तिथंच उभा होतो. सायकल कुठं लावली ते आठवेना.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्यांना गाठलं. नऊ बोटींत त्या आठव्या आल्या होत्या. पदराला लाल चिमटा तसाच होता. "तिथं कोणी विचारला नाही," त्या म्हणाल्या. "पण काढवला नाही मला."

"नऊच्या नऊ सोबत होत्या पाण्यावर?"

"सोबत. अगदी एकमेकींले खेटून. अन् एकही बहकली नाही, भाऊ. ज्याची त्याचंच ऐकत होती."

मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. मग शाळेच्या पायरीवर बसलो अन् म्हटलं, सुटल्यापासून सांगा.