साहेबाचा बंगला आणि आजोबांचा दहीभात

खामगावात राहून जवळचा इंग्रजी बंगला पाहिलेला नाही आणि लंडनचे व्हिडिओ मात्र तोंडपाठ. बायकोने हे चारचौघांत काढलं, तेव्हा रविवारी सकाळी गाडीला किक मारली. बोथ्याच्या घाटापर्यंत रस्ता झकास, पुढे आतल्या फाट्याला नुसती गिट्टी. वाटेत मिरचीची भाजी-भाकर खाऊन घ्या, बंगल्यावर पाणीसुद्धा मिळत नाही.

हा बंगला एका कापूसवाल्या साहेबाने बांधला, हुबेहूब त्याच्या गावाकडच्यासारखा. बर्फ घसरून पडावा म्हणून उतरतं छप्पर. आजवर त्यावरून घसरली ती माकडंच. दिवाणखान्यात भिंतीत शेकोटी आहे. वऱ्हाडच्या उन्हात ती कुणी पेटवली, देव जाणे. साहेब गेल्यावर सरकारी कचेरी आली, कचेरी गेल्यावर वटवाघळं. हिरवळीच्या जागी आता अंबाडी आहे आणि छान तरारली आहे.

अंबाडी लावणारे रामभाऊ इथले राखणदार. त्यांचे आजोबा साहेबाचे माळी. बागेच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांचा एक दगड आहे. तो आजोबांचा, म्हणून घरचे दर सर्वपित्रीला त्याला शेंदूर फासून दहीभात ठेवतात.

"कावळा काई येत नाई," रामभाऊ म्हणाले. "एखांदं कुत्रंच खाऊन जाते."

आता बंगल्याची दुरुस्ती निघाली आहे आणि तो कोपरा पार्किंगमध्ये जातोय.

"आज्याचं नाव असलं तं दगड ठेवतो म्हणे इंजिनिअर. परवा येनार हाये तो. शेंदूर खरवडला म्या, पन मले इंग्रजी येत नाई. तुमी वाचा बरं."

वाचलं. टॉबी नावाच्या इमानी कुत्र्याची ती समाधी होती. म्हणजे नैवेद्य इतकी वर्षं अगदी योग्य पत्त्यावर पोचत होता. हसू आलं, ते गिळलं, कारण रामभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हो, तुमच्या आजोबांचंच नाव आहे," मी म्हणालो.

"कोन्त्या ओळीत?"

मी टॉबीवर बोट ठेवलं. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती अक्षरं पुसली.

घाट उतरताना डोक्यात प्रकाश पडला, इंजिनिअरला इंग्रजी येत असणार. माझ्या भलेपणापायी रामभाऊंची सगळ्यांदेखत फजिती होणार होती. फार लाज वाटली. निघताना त्यांचा नंबर घेतला होता; घरी येऊन फोन केला, खरं सांगितलं, माफी मागितली.

"कुत्रं तं कुत्रं," रामभाऊ म्हणाले. "पन साहेब काई खड्डा खंदाले बसला नसन. तो माह्या आज्यानंच खंदला असन. इंजिनिअरले तेच सांगतो."

फोन ठेवला आणि लक्षात आलं, कुत्र्याचं नाव मला पाठ झालंय, माळ्याचं मी विचारलंच नाही. पुन्हा फोन लावला.