आग्रा रोडवरची पलटण

आबा गेले. आज सकाळी.

आता मला "पहाऱ्यावर हजर?" असं विचारणारं जगात कोणी उरलं नाही.

माझ्या लिस्टमधल्या बहुतेकांना आबा माहीत नसतील, म्हणून सांगते. आबा म्हणजे आर्मीच्या सिग्नल्समधून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मूळ दोंडाईच्याकडचे, बोलणं कायम अहिराणीत. नव्वदच्या दशकात त्यांनी धुळ्यात, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला.

बोर्डावर क्लास लिहिलं होतं. आबा त्याला पलटण म्हणायचे.

त्यांच्या नोकरीच्या शेवटी शेवटी युनिटमध्ये पहिला कॉम्प्युटर आला होता. एसी रूम, जाड पडदे, आणि दाराबाहेर सहा फुटी जवान रायफल घेऊन उभा. तारेतून आत काय येतंय, बाहेर काय जातंय, ते बघायला मात्र कोणीच नाही.

"पुढली लढाई तारमाईन येई," आबा म्हणायचे. "मंग हाऊ रायफलवाला काय करी?"

साहेबांनी ऐकून घेतलं, हसले, चहा पाजला. आबा पेन्शनीत आले आणि फौज त्यांनी धुळ्यातच उभी केली. ज्या लढाईचं नावसुद्धा कोणी घेत नव्हतं, तिची भरती आमच्या गल्लीत चालू.

भरतीला उंची नाही, छाती नाही. फक्त स्वभाव बघायचे.

बडबड्या सलीम हल्ल्याच्या तुकडीत, कारण तो गप्पा मारता मारता कोणाचाही पासवर्ड काढून घ्यायचा. घुम्या, एकेका गोष्टीला चिकटून बसणारी पोरं दुरुस्तीला.

आणि मी?

मी तर दारातूनच परत निघाले होते.

तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटर क्लासचा एकच नियम असायचा. धूळ आत जायला नको, बूट-चपला बाहेर काढा. माझ्या उजव्या पायाला पोलिओ. लोखंडी पट्ट्यांचा बूट. तो काढला की मला हातांवर सरकत जावं लागायचं, आणि ते मी घराबाहेर कोणालाही दिसू दिलं नव्हतं.

एका क्लासच्या दारातून अशीच परतले होते. पप्पा म्हणाले, जाऊ दे, टायपिंग कर. मला टायपिंग करायचं नव्हतं. मला त्या काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांपाशी बसायचं होतं. वेड लागल्यासारखं हवं होतं ते मला.

आबांच्या पायरीवर चपलांची रांग बघितली आणि रिक्षाला हात केला.

मागून आबांचा आवाज आला, "कथी चालनी?"

"मला बूट काढता येत नाही, आबा."

"कोनी सांगं तुले काढाले? बठ्ठा हल्ला कराले तयार शेतस. पहारा कोन करी?"

सगळे हल्ल्याला, आणि पहाऱ्याला मी? मला वाटलं, कीव करतायत.

"कीव नका करू," मी म्हटलं. तोंडावर.

आबा खूश झाले. "हाई दख. तुना कोनावर इश्वास नही. हाऊच तुना गुण शे. आन् संतरी कधी बूट काढस का, पोरी?"

त्यांनी स्वतः टेबल ओढून उंबऱ्याला लावलं. जुना कॉम्प्युटर त्यावर. ऑर्डर अशी, की कोणाचीही फ्लॉपी माझ्या मशीनवर तपासल्याशिवाय आत जाणार नाही. व्हायरस निघाला तर माणूस पायरीवरूनच परत.

ती दुपार अजून माझ्या झोपेत येते.

बाहेर खान्देशातलं ऊन. आत कूलर, वाळ्याचा वास, ओढलेले पडदे, आणि अनवाणी पोरं आवाज न करता फिरतायत. माझी पाठ उन्हात, चेहरा गारव्यात. फ्लॉपी खर्र खर्र वाजते आहे आणि सगळी गल्ली झोपली आहे.

आबा म्हणायचे, ये आत, बस जरा. मी जायचे नाही. पहारा सोडून कसं जायचं?

एकदा खुद्द आबाच फ्लॉपी घेऊन आले. बूट काढलेले, पायात फक्त मोजे. "जुन्या दोस्तनी दिन्ही शे, जाऊ दे."

"थांबा आबा."

"मी सुभेदार शे."

"असाल. थांबा."

सुभेदारसाहेब तापलेल्या पायरीवर मोज्यांत उभे. एक पाय उचल, दुसरा टेक. आत सलीम तोंड दाबून हसतोय.

व्हायरस निघाला.

ती परीक्षा होती की आबांची खरीच चूक, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी विचारलं की मिशीत हसायचे.

पुढे मला नोकरी लागली. आज एका ऑफिसच्या नेटवर्कवर पहारा करते. तेच काम, टेबल जरा बरं.

मग टीव्हीवर बातम्या यायला लागल्या, देशोदेशीच्या सैन्यांत आता या लढाईच्या वेगळ्या तुकड्या, वेगळी माणसं. आबांचा फोन आला. "भरती सुरू व्हयनी म्हने. आपली पलटण पहिली व्हती, ध्यानमा ठेव."

आहे ध्यानात, आबा.

आज त्यांच्याकडे पोचले. पायरीवर चपलांचा ढीग. आबांना त्याच पुढच्या खोलीत ठेवलेलं.

उंबऱ्याशी पाय आपोआप थांबले. मग पायरीवर बसले आणि बुटाचे पट्टे सोडायला लागले. म्हटलं, आज सरकत गेले तरी चालेल. आज कोणीही बघू दे.

आबांची बायको, आमच्या अक्का, आतून आल्या. रडून डोळे सुजलेले. माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, माय. संतरी बूट काढस का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत आत गेले. बूट घालून. फरशीवर लोखंड वाजत होतं आणि कोणी काही म्हणालं नाही.

आबा, पहाऱ्यावर हजर आहे.

तुम्ही निवांत झोपा. तुमच्या पलटणीकडून शेवटचा सॅल्यूट, आणि मनापासून श्रद्धांजली.