बुलपेनमधले न मोजलेले चेंडू

गेल्या जुलैतल्या एका रविवारी दुपारी, आयर्लंडमधल्या ल्यूकनजवळच्या सार्वजनिक मैदानावर, आमच्या हौशी बेसबॉल संघाच्या रिलीफ पिचरचा, म्हणजे पहिला चेंडू टाकणारा थकल्यावर येणाऱ्याचा, उजवा कोपर दुखावला. सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये त्याने बावीस चेंडू टाकले होते. सामना आम्ही दोन धावांनी हरलो. संघाचा मॅनेजर मी होतो.

तो पंचविशीचा, नाशिकचा. जवळच्याच मेनूथच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला होता. प्रबंधातले दोन प्रयोग बाकी होते आणि दोन्ही हाताचे काम होते. मी पुण्यात बरीच वर्षे वर्तमानपत्राचे क्रीडा पान सांभाळले होते. मैदानावर माझी ख्याती एकच : स्कोअरशीट चुकत नाही. त्या बळावर मला मॅनेजर केले गेले.

बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला पिचर पुन्हा येत नाही. म्हणून पहिला पिचर थकल्यावर सर्वांत चांगला माणूस कधी आणायचा, हा मॅनेजरचा मुख्य निर्णय असतो. मी क्रिकेटवर वाढलो. तिथे चांगल्या गोलंदाजाची षटके शेवटासाठी राखून ठेवतात. मी तेच केले.

चौथ्या इनिंगमध्ये आम्ही तीन धावांनी पुढे होतो. समोरच्यांचे दोन खेळाडू बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, आले, तेव्हा मी त्याला तयार व्हायला सांगितले. कुंपणालगतच्या बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरने हात गरम करायच्या जागेत, तो राखीव कॅचरकडे, म्हणजे समोर बसून चेंडू झेलणाऱ्याकडे, चेंडू टाकू लागला. संकट टळले. मी हातानेच ‘बस’ म्हणून खूण केली.

पाचव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरले. पुन्हा त्याला उठवले. राखीव कॅचर इथल्याच एका शाळेत शिक्षक आहे. तो बुलपेनमधून चालत माझ्यापर्यंत आला.

“युअर मॅन तयार आहे. आत्ताच घाल त्याला.”

“शेवटासाठी ठेवतोय.”

“शेवटी वाचवायला काही उरलं तर ना!”

त्या इनिंगमध्ये चार धावा गेल्या. सामना तिथेच फिरला होता. सर्वांत चांगला पिचर त्या क्षणी हवा होता, हे मला तेव्हाही दिसत होते. आपण आधी बोललेले बदलायचे नाही, एवढेच माझ्या मनात होते.

सहाव्या इनिंगमध्ये मी त्याला तिसऱ्यांदा उठवले. तो हसत ओरडला, “दादा, डेथ ओव्हर्स आल्या की नाही अजून?”

“गप रे. पुढच्या इनिंगला बघू.”

“बसलो की हात थंड पडतो.”

“मग टाकत राहा हळूहळू.”

तो टाकत राहिला. सातव्या इनिंगमध्ये मी त्याला आत पाठवले. आणखी एक धाव गेली. बाविसाव्या चेंडूनंतर त्याने कोपर धरला आणि खाली बसला.

डॉक्टरांनी सांगितले, कोपरातला लिगामेंट अर्धवट फाटला आहे. तीन महिने या हाताने काम नको. त्याने विद्यापीठातल्या विभागाकडे प्रबंधासाठी सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली. दुखापत कशी झाली याचे क्लबकडून पत्र हवे होते. ते मी लिहिले : ‘सामन्यात बावीस चेंडू टाकले.’ वाक्य खरे होते. विभागाने उलट विचारले की इतक्या कमी चेंडूंनी एवढी इजा कशी होते; दुखापत जुनी होती आणि विद्यार्थ्याने ती लपवली होती का?

हे राखीव कॅचरच्या कानावर गेले. मंगळवारच्या सरावाला त्याने मला गाठले.

“मी त्याच्यासमोर बसलो होतो. बुलपेनमधले कुठे गेले?”

“स्कोअरशीटवर बुलपेनचे चेंडू नसतात.”

“स्कोअरशीटला कोपरही नसतो,” तो म्हणाला आणि ग्लोव्ह घेऊन निघून गेला.

त्याच संध्याकाळी मी मेनूथला पिचरच्या घरी गेलो. चार विद्यार्थी मिळून राहतात ते घर. तो डाव्या हाताने चहा करत होता. कप काढायला मी उठलो, तर म्हणाला, “बसा दादा, जमतं आता.”

“त्या दिवशी मला ‘नाही’ का म्हणाला नाहीस?”

“तुम्हाला?” तो हसला. “तुम्हाला नाही कसं म्हणणार?”

“किती टाकले होतेस आत येण्याआधी?”

“एक्क्याण्णव.”

“अंदाजे?”

“मोजत होतो.”

“माझं पत्र वाचलंस?”

“वाचलं. तुम्ही लिहिलं होतं, म्हणून मी विभागाला काही बोललो नाही.”

मी चहा संपवला. त्याच्याकडे पाहणे मला जमले नाही. एवढी वर्षे मी दुसऱ्यांच्या बातम्यांतले आकडे तपासले. आकडा बरोबर ठेवून माहिती कशी गाळतात, हे मला ठाऊक होते. ते पत्र लिहिताना मला बुलपेन आठवले होते. मी त्या ओळीपाशी थांबलो होतो आणि मग पुढे लिहिले होते.

दुसरे पत्र बुधवारी सकाळी विभागाला पाठवले. खेळाडूला तीन वेळा तयार केले. मैदानात येण्याआधी त्याने एक्क्याण्णव चेंडू टाकले. ते माझ्या सांगण्यावरून टाकले. आधीची कोणतीही दुखापत क्लबला माहीत नव्हती. पहिल्या पत्रात मी हे जाणूनबुजून वगळले. खाली सही केली. साक्षीदार म्हणून राखीव कॅचरने सही केली.

शुक्रवारी विभागाकडून पोच आली. मुदतवाढीचा निर्णय अद्याप कळवलेला नाही.