विचारून सांगते

तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी घरात आणि दुकानात ती धाकटीच. थोरल्या भावाची बायको ती थोरली, धाकट्याची ती धाकटी. लग्न होऊन आली त्या दिवशी हे ठरलं आणि त्यावर पुन्हा कुणी चर्चा केली नाही.

दुकान कोट शिवण्याचं. दर्शनी भागात थोरले भाऊ, म्हणजे दादा, माप घेत आणि कापड बेतत. त्यांच्या मागे मशीनवर धाकटीचा नवरा. त्याच्याही मागे, अस्तराचे तागे रचलेल्या खोलीत, एका दिव्याखाली धाकटी. तिचं काम काजांचं. या दुकानाच्या कोटाला मशीनचं काज कधी लागलं नाही. ती चीर पाडायची, दोऱ्याला मेण लावायची आणि टाक्याला टाका असा भिडवायची की गिऱ्हाईक कोट अंगात घालायच्या आधी काजावरून बोट फिरवून बघायचं. पुतण्या लहानपणी तिला 'काजवा काकू' म्हणायचा, अंधारात बसते म्हणून. सगळे हसायचे. तीही हसायची, काय करणार?

आता दादांबद्दल वाईट बोलावं तर जीभ रेटत नाही, आणि हीच खरी पंचाईत. माणूस सोन्यासारखा! कापड हलकं असलं तर "हे कोटाला नको, पैसे वाया जातील," असं तोंडावर सांगणार. उरलेला चिंधीएवढा तुकडासुद्धा घडी घालून परत देणार. "बाजार कशावर चालतो?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचे, "शब्दावर. आणि शब्द पाळायला माणूस शिकतो कुठे? घरात." गिऱ्हाईक मान डोलवायचं. आतल्या खोलीत धाकटी दोऱ्याला मेण लावत असायची.

पगार? छे हो! घरच्या माणसाला कुठे पगार असतो? लागतील ते पैसे गल्ल्यातून घ्यायचे, म्हणजे दादांसमोर जाऊन उभं राहायचं. दादांनी आजवर एकदाही नाही म्हटलं नाही. "अगं घे की, विचारायचं काय त्यात?" म्हणून मागितल्यापेक्षा जास्तच हातावर ठेवायचे. वर "कशाला गं?" एवढंच, तेही मायेनं. चष्मा करायचा म्हणाली तर हातातलं काम टाकून स्वतः बरोबर गेले आणि फ्रेमही त्यांनीच निवडली. जाड, काळी, टिकाऊ. तिला शेजारची पातळ तपकिरी आवडली होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं, पण देणाऱ्याशी भांडायचं कुठल्या तोंडानं? नवऱ्यापाशी मन मोकळं करावं तर त्याचं एकच पालुपद, "दादांना विचारतो."

रस्त्यापलीकडे कोटांचं दुसरं दुकान होतं. त्याच्या मालकांचं नाव घरात कुणी घेत नसे, ते नुसते 'समोरचे'. एका दुपारी धाकटी बाजारातून परतताना या समोरच्यांनी तिला हाक मारली.

"वहिनी, तुमची काजं लोकांच्या अंगावर बघून बघून डोळे दुखले माझे. आमच्याकडे याल का? खिडकीपाशी जागा देतो. कामाचा दर तुम्ही सांगा. दर शनिवारी पैसे तुमच्या हातात."

तुमच्या हातात! येते म्हणायचं होतं हो तिला. उद्यापासून येते, आत्ता येते. पण तोंडातून निघालं काय?

"घरी विचारून सांगते."

आता हे काही उत्तर नव्हे, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. ही नुसती जिभेची सवय. फेरीवाल्याला हेच सांगायचं, विमेवाल्याला हेच, आणि वेळ मारून न्यायची. पण समोरचे पडले दादांच्याच जातकुळीचे सज्जन! त्यांनी ते अक्षरशः खरं धरलं. त्यांना वाटलं, या माउलीला कशाला अवघड जागी टाकायचं? आपणच विचारू.

इकडे धाकटी मनानं कधीच रस्ता ओलांडून बसली होती. खिडकीतला उजेड डाव्या हाताला येईल. पहिल्या पैशांतून पातळ तपकिरी फ्रेम घ्यायची, आणि कशाला ते कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. आज जेवण झालं की नवऱ्याच्या कानावर घालते, असं तिनं ठरवलं आणि सुई ओवली. तेवढ्यात बाहेरून समोरच्यांचा आवाज आला.

"तुमचं माणूस तुम्हाला न विचारता नेणं माझ्या तत्त्वात बसत नाही, दादा. म्हणून आलो."

बाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग चहाची ऑर्डर. "याला म्हणतात बाजार," दादा म्हणाले. "दुसरा असता तर मागच्या दारानं घेऊन गेला असता." दोघांनी एकमेकांची इतकी तारीफ केली की चहा निवला. मग दादांनी हाक मारली, "धाकटे, जरा बाहेर ये बरं."

ती आली. बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान तसंच होतं. नवऱ्यानं मशीन थांबवलं होतं आणि तो पायाखालच्या पट्टीकडे बघत होता.

"तुला इथे काही कमी पडलं का गं?" दादांनी विचारलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

काय सांगणार? कमी काय पडलं होतं? मागेल ते मिळत होतं. मागावं लागतं, एवढंच कमी होतं, आणि ते त्या डोळ्यांसमोर कसं बोलायचं?

"नाही दादा," ती म्हणाली.

"मग झालं तर!" समोरचे मोकळेपणानं हसले. तिला नमस्कार करून निघून गेले. मेल्यांनो, ती मनात म्हणाली, तुम्ही दोघं इतके चांगले कशाला आहात?

दादांना मात्र समोरच्यांनी देऊ केलेली ती खिडकी मनाला लागली असावी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी धाकटीची बैठक आतून उचलून पुढे आणली, थेट दर्शनी काचेला लावून. नवी उशी, नवा दिवा. "आता भरपूर उजेड!" ते कौतुकानं म्हणाले. उजेड होता खरा. त्या उजेडात धाकटीला दिवसभर समोरचं दुकान दिसायचं.

तिथे काही दिवसांनी एक तरुण मुलगी काजं करायला आली. हात कच्चा होता, मान फार वाकवायची. शनिवारी दुकानाबाहेर पडली की पाकीट उघडून बघायची, पुन्हा मिटायची आणि चटचट चालू लागायची. धाकटीची सुई तेवढा वेळ थांबायची.

एक दिवस ती मुलगी रस्ता ओलांडून सरळ आत आली.

"काकू, माझ्या काजाचं टोक चुरगळतं. मालक म्हणाले, या गावात शिकायचं तर तुमच्याकडेच. शिकवाल का? फुकट नको. किती घ्याल सांगा."

किती घ्याल! इतक्या वर्षांत हे विचारणारं दुसरं माणूस. धाकटीनं मान वर केली, चष्मा सावरला, तोंड उघडलं.

"विचारून सांगते."

"कुणाला?" मुलीनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

कापड बेतता बेतता दादांनी ऐकलं आणि ते खळखळून हसले. "अगं घे की, विचारायचं काय त्यात? तुझे तुला ठेव."

परवानगी मिळाली. मुलगी पाकिटाला हात लावून आकड्याची वाट बघत उभी होती, आणि धाकटीला काही केल्या एकही आकडा सुचेना.