शेवटच्या केळीपर्यंत पाणी

आत्या गेली तेव्हा तिचा रिपोर्ट नॉर्मल होता.

आज वर्ष झालं. घरी कुणाला बोललो नाही ते इथे लिहितो.

निर्मळ गावातली आमची केळीची वाडी आत्याच बघायची. जेवताना दोन घास झाले की उभी राहायची, छातीवर मूठ, वर तांब्याभर पाणी.

"अडकतं रे बाबू, इथे."

"आत्या, जेवतेस की कवायत करतेस?"

तीही हसायची.

एंडोस्कोपीला मीच नेलं. कॅमेऱ्यात काही नाही. डॉक्टर बोलायच्या आधीच मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "आत्या एकदम फिट! आता नाटकं बंद 😂"

तिने त्यावर थम्ब्स अप दिला.

डॉक्टर म्हणाले, कॅमेऱ्यात नळी आतून दिसते, घास ढकलते की नाही ते कळेलच असं नाही.

मग ते पांढरं बेरियम पाजून एक्स-रे. हळू उतरतंय एवढं दिसलं, का ते नाही.

तिसरी टेस्ट मॅनोमेट्री, मुंबईला. नाकातून बारीक नळी घालतात, घोट घोट पाणी देतात आणि अन्ननलिकेचा जोर मोजतात. तिन्हींत हीच नेमकं सांगेल, डॉक्टर म्हणाले.

मला सगळा धंदा वाटला. "कॅमेऱ्याने बघितलं ना? अजून काय पाहिजे?"

बाइकवर मागून आत्या म्हणाली, "पाइपात डोकावून पाणी पोचलं कळतं का रे? शेवटच्या केळीपाशी जाऊन बघावं लागतं."

मी हसलो. हिचं सगळं केळीवरच येतं.

टेस्टच्या सकाळी ती उपाशीपोटी, चांगली साडी नेसून ओटीवर बसलेली. मित्रांचा फोन आला, राजोडीच्या किनाऱ्यावर जमलेत. "तासाभरात आलो," म्हणून गेलो.

आलो संध्याकाळी.

"राहू दे रे," आत्या म्हणाली. "नॉर्मलच आहे ना?"

नवीन तारीख मी घेणार होतो. मध्ये गोवा झालं, मग कुठे कुठे.

ती ताट घेऊन मोटरच्या खोलीत जेवायला लागली. घरच्यांना वाटायचं, मोटरवर लक्ष ठेवते. मला माहीत होतं. तिथे उभं राहिलं तर कुणी हसत नाही.

मग एकदा अडकलेलं फुफ्फुसात गेलं. न्यूमोनिया. आठ दिवस.

आज सकाळी मोटर लावून शेवटच्या केळीपर्यंत चालत गेलो. वेळ लागला, पण पाणी आलं.

तिथेच उभं राहून फॅमिली ग्रुपवरचा तो मेसेज डिलीट करायला गेलो. इतक्या दिवसांनी सगळ्यांकडून जात नाही.

म्हणून इथे, सगळ्यांसमोर.

आत्या, ती नाटकं नव्हती.

आता बसून जेव. सावकाश.